एसएलए आधी, सर्व्हर नंतर : व्यवसायासाठी ग्रिड उभारताना

वेगवेगळ्या ठिकाणची, कमीअधिक ताकदीची, कधीकधी वेगवेगळ्या मालकांची यंत्रं कामांच्या एका रांगेखाली आणायची आणि एक मोठं काम त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी करून घ्यायचं, याला ग्रिड म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८८ मध्ये ‘कॉन्डॉर’ सुरू झालं, ते रिकामे बसलेले ऑफिसातले संगणक कामाला लावण्यासाठी. तेच सॉफ्टवेअर आज ‘एचटीकॉन्डॉर’ या नावानं जगभर चालतं.

प्रयोगशाळेत रुळलेलं हे तंत्र कंपनीत आणलं की त्याच्यामागे एक कागद येतो : सेवा-पातळीचा करार, म्हणजे एसएलए. काम किती वाजता पूर्ण होणार, किती वेळा चुकलं तर चालेल, चुकलं तर किती पैसे परत द्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी आधी सर्व्हर विकत घेतले जातात, मग सॉफ्टवेअर बसतं आणि शेवटी विक्री विभाग कुठून तरी ‘९९.९ टक्के’ हा आकडा उचलून करारात टाकतो. हा क्रम उलटा आहे, आणि पुढचा बहुतेक त्रास त्यातूनच येतो. करारातलं प्रत्येक वाक्य आराखड्यातल्या कुठल्या तरी भागावर टेकलेलं असलं पाहिजे. जे टेकत नाही ते वाक्य करारातून काढा, नाहीतर तो भाग बांधा. नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी हाच धागा धरून पुढच्या पायऱ्या लिहितो आहे.

पायरी १ : काम ग्रिडचं आहे का?

विमा पॉलिसींचं मूल्यांकन, बँकेच्या पोर्टफोलिओची जोखीम हजारो शक्यतांवर मोजणं, ॲनिमेशनच्या फ्रेम रेंडर करणं, औषधाच्या शोधात लाखो रेणू तपासणं ही ग्रिडची कामं. यांचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, शेजारच्या तुकड्याशी त्याला बोलावं लागत नाही. हवामानाच्या मॉडेलसारख्या कामात मात्र तुकडे सतत एकमेकांना आकडे देत असतात. त्यासाठी वेगवान जोडणीचा एकसंध क्लस्टर, म्हणजे एकाच जागी जोडलेल्या यंत्रांचा समूह, लागतो. दोन शहरांत पसरलेल्या ग्रिडवर असं काम टाकलं तर यंत्रं बहुतांश वेळ नुसती वाट पाहत बसतात.

काम तुकड्यांत मोडत असलं तरी एक भाग कायम एकाच यंत्रावर चालतो : सुरुवातीला डेटा तपासणं आणि शेवटी सगळे निकाल एकत्र करणं. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. कामाचा ५ टक्के भाग जरी असा एकेरी असेल, तरी कितीही यंत्रं जोडा, वेग २० पटींच्या पुढे जात नाही. म्हणून सर्व्हरची संख्या ठरवण्याआधी पूर्ण काम लहान प्रमाणावर एका यंत्रावर चालवा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. पुढची सगळी गणितं याच कागदावर उभी राहतात.

पायरी २ : वचन नीट लिहा

‘सेवा २४ तास सुरू राहील’ या वाक्यावर ग्रिड बांधता येत नाही. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे जेमतेम ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं आणि ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं. आकडे कागदावर जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यासाठी रात्रपाळीला माणूस बसवावा लागतो, तिसऱ्यासाठी फोनवर उठणारा माणूस पुरतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की उपलब्धता हे बॅचच्या, म्हणजे गठ्ठ्यानं देऊन ठरलेल्या वेळी निकाल घ्यायच्या, कामाचं चुकीचं माप आहे. महिनाभर ग्रिड एक मिनिटही बंद पडलं नाही, पण रांगेत गर्दी झाल्यामुळे अहवाल दुपारी आला, तर ग्राहकाच्या दृष्टीनं सेवा मिळालेली नाही. त्याला हवा असतो वेळेवर आलेला, बरोबर असलेला निकाल. वचन त्याचंच द्या. एक नमुना पाहा :

‘पूर्ण आणि तपासणीत पास झालेला डेटा रात्री ११ पर्यंत मिळाला, तर कमाल २ लाख व्यवहारांचा जोखीम-अहवाल सकाळी ६ पर्यंत ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला जाईल. महिन्यातल्या कामाच्या किमान ९५ टक्के दिवशी ही वेळ पाळली जाईल.’

या दोन वाक्यांत पाच गोष्टी आहेत आणि त्यातली एकही गाळू नका. ग्राहकाची जबाबदारी, म्हणजे डेटा ११ पर्यंत देणं. कामाची कमाल मर्यादा. वेळ. मोजण्याची जागा : अहवाल ‘तयार झाला’ ते नव्हे, ‘फोल्डरमध्ये दिसला’ ते. आणि चुकायची मुभा : कामाचे दिवस २० असतील तर एक दिवस. ग्राहकाचा डेटा उशिरा आला तर आपली वेळही तितकीच पुढे सरकते, हे वेगळ्या कलमात लिहून घ्या. महिनाअखेरीला दुप्पट व्यवहार येतात का, तेही आत्ताच विचारा.

चांगल्या कराराचा एक खरा नमुना विज्ञानाच्या जगातच आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्राचा डेटा हाताळणारं जागतिक ग्रिड ४० हून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांवर चालतं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) त्यात कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगासाठी दुसऱ्या स्तराचं केंद्र आहे, तर कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर (व्हीईसीसी) तिथल्याच ॲलिस प्रयोगासाठी. तिथे सगळ्यांना एकच आकडा लावलेला नाही. प्रयोगाचा कच्चा डेटा थेट स्वीकारणाऱ्या सर्नच्या मुख्य केंद्राकडून त्या कामासाठी ९९ टक्के उपलब्धता अपेक्षित असते, दुसऱ्या स्तराच्या केंद्रांकडून ९५ टक्के. शिवाय ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मधल्या पातळ्याही मुख्य केंद्रांच्या करारात आहेत : सेवा पूर्ण बंद, क्षमता निम्म्याहून जास्त घटलेली, २० टक्क्यांहून जास्त घटलेली. धावून येण्याची मुदत या पातळ्यांनुसार ठरते. ग्रिड सहसा पूर्ण बंद पडत नाही, ते लंगडत चालतं. तुमच्या करारात लंगडण्याचं कलम नसेल तर सगळ्यात जास्त वेळा घडणाऱ्या बिघाडावर करार गप्प आहे असं समजा.

आणखी एक बारकावा तिथूनच उचलण्यासारखा. आधी कळवून घेतलेला देखभालीचा बंद काळ ‘उपलब्धते’त बंद म्हणूनच मोजतात, पण ‘विश्वसनीयते’च्या हिशेबातून तो वगळतात. तुमच्या करारात यातलं कुठलं माप धरलं आहे ते स्पष्ट शब्दांत लिहा.

पायरी ३ : सकाळच्या सहापासून मागे मोजत या

वरच्याच नमुन्याचं गणित करू. २ लाख व्यवहार, प्रत्येकाला एका कोअरवर (प्रोसेसरचा एका वेळी एक काम करणारा भाग) ३० सेकंद. एकूण ६० लाख कोअर-सेकंद. रात्री ११ ते सकाळी ६ हे सात तास, पण ग्राहकाला सहा सांगितले की स्वतःसाठी पाच धरायचे. हातात राहिले ६ तास, म्हणजे २१,६०० सेकंद. भागाकार येतो २७८ कोअर.

इथे थांबलात तर रोज उशीर होईल. डेटा यायची वाट, तुकडा सुरू होण्याचा वेळ, शेवटचा गोळाबेरजेचा टप्पा यांत वेळ जातो. नव्या ग्रिडसाठी ७५ टक्के कार्यक्षमता धरणं मला सुरक्षित वाटतं, स्वतःचे आकडे हाती आले की ते वापरा. २७८ भागिले ०.७५ म्हणजे ३७१ कोअर. एखादं ६४ कोअरचं यंत्र ऐन रात्री मेलं तरी वचन पाळलं जावं, म्हणून ते वर धरा : ४३५. खरेदी करताना ४५० म्हणा. भागाकारानं दिलेल्या २७८ पेक्षा हे दीडपटीहून जास्त आहे, आणि हा जादा भाग म्हणजेच एसएलएची किंमत. अर्थ विभागाला ती याच रूपात दाखवा. ‘थोडी जास्तीची क्षमता ठेवू’ असं म्हटलं की पुढच्या बजेटला ती कापली जाते. ‘हे ६४ कोअर काढले तर एक यंत्र मेल्यावर सकाळचं वचन मोडू शकतं’ असं लिहिलेली ओळ सहसा कापली जात नाही.

मग तुकड्यांचा आकार. ३० सेकंदांचा एकेक व्यवहार वेगळा पाठवला तर शेड्यूलर, म्हणजे कुठलं काम कुठल्या यंत्राला द्यायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर, नुसता नोंदी करण्यातच दमतो. तासाभराचा तुकडा केला तर यंत्र बंद पडल्यावर तासाभराचं काम वाया. २० व्यवहारांचा एक गठ्ठा करा : १० मिनिटांचा तुकडा, एकूण १०,००० गठ्ठे. ज्या व्यवहारांना जास्त वेळ लागतो हे अनुभवानं माहीत आहे त्यांचे गठ्ठे रांगेत आधी लावा. ते शेवटी राहिले की ४४० कोअर रिकामे बसतात आणि दहा कोअरवर एकेक लांबलचक तुकडा रखडत असतो.

डेटाची वाहतूकही याच कागदावर मोजा. १ टेराबाइट डेटा सेकंदाला १ गिगाबिटच्या लाइनवरून, लाइन पूर्ण भरून चालली तरी, सव्वादोन तास घेतो. सहा तासांतले सव्वादोन नुसत्या वाहतुकीत गेले तर कोअर वाढवून काही साधत नाही, डेटा आधीपासून यंत्रांजवळ ठेवावा लागतो. आणि तुम्ही वापरता ते सॉफ्टवेअर परवान्याचं असेल तर परवाने मोजा. ४५० कोअर आणि ४० परवाने असतील तर तुमचं ग्रिड ४० चं आहे.

पायरी ४ : भाग जोडा, प्रत्येक भागाला एक कलम द्या

*प्रवेशद्वार.* ग्राहकाची फाइल इथे येते, तपासली जाते आणि वेळेचा शिक्का पडतो. ‘डेटा ११ पर्यंत मिळाला का’ हा वाद इथल्या नोंदीवर मिटतो, त्यामुळे सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीनं (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) एकाच वेळेला बांधलेली हवीत. नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा, अहवालात भारतीय प्रमाणवेळ दाखवा. साडेपाच तासांच्या फरकानं तारीखच बदलते आणि महिन्याचा हिशेब बिघडतो.

*होकार-नकार देणारा भाग.* नवखे लोक हा बांधतच नाहीत. आलेलं काम वेळेत होईल का, याचा हिशेब करून तो काम घेतो, मर्यादेबाहेरचं असेल तर त्याच क्षणी तसं कळवतो. २ लाखांच्या जागी साडेतीन लाख व्यवहार आले आणि ग्रिडनं ते निमूटपणे घेतले, तर सकाळी सगळ्यांचेच अहवाल अडकतात. रात्री ११ वाजता दिलेला नकार ग्राहकाला पर्याय शोधू देतो.

*शेड्यूलर.* एचटीकॉन्डॉर आणि स्लर्म हे दोन्ही मुक्तस्रोत आहेत, भरवशाचे आहेत. विखुरलेली, येणारी-जाणारी यंत्रं असतील तर मी पहिला घेईन, एका जागची समर्पित यंत्रं असतील तर दुसरा. वित्त क्षेत्रात आयबीएमचं सिम्फनीही वापरलं जातं. कुठलाही घेतला तरी रांगा तीन ठेवा : वेळेचं वचन दिलेली कामं, वचन नसलेली रोजची कामं आणि उरल्या वेळात चालणारी कामं. पहिल्या रांगेला गरज पडली की तिसऱ्या रांगेतलं काम थांबवून जागा काढता आली पाहिजे. एकच रांग ठेवून ‘महत्त्वाचं’ अशी खूण करायची सोय दिली, तर महिनाभरात प्रत्येक काम महत्त्वाचं झालेलं असतं.

*काम करणारी यंत्रं आणि साठवण.* ऑफिसातले रिकामे संगणक ग्रिडला जोडणं स्वस्त पडतं, पण कर्मचारी माउस हलवतो आणि तुमचं काम हटवलं जातं. असली यंत्रं तिसऱ्या रांगेसाठी ठेवा. वेळेचं वचन त्यांच्या जिवावर देऊ नका.

हे सगळे भाग एकामागोमाग लागतात, म्हणून त्यांच्या उपलब्धतेचा गुणाकार होतो. पाच भाग प्रत्येकी ९९.५ टक्के चालू असतील तर मिळून ९७.५ टक्के, म्हणजे महिन्याला १८ तासांच्या आसपास बंद. बाहेर ९९ टक्के कबूल करायचे असतील तर आतल्या प्रत्येक विभागाशी, म्हणजे नेटवर्कवाल्यांशी, स्टोरेजवाल्यांशी, त्याहून कडक अंतर्गत करार हवा. तो लेखी नसेल तर त्या विभागाच्या चुकीची पेनल्टी तुम्ही भरता.

पायरी ५ : बिघाड गृहीत धरून बांधा

शेकडो कोअर असले की रोज काहीतरी बंद असतंच. तुकडा अर्धवट राहिला तर तो दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालला पाहिजे आणि दोनदा चालला तरी निकाल एकदाच मोजला गेला पाहिजे. यासाठी साधी रीत आहे : निकाल आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, पूर्ण झाला की त्याच डिस्कवर खऱ्या नावानं बदला. अर्धवट लिहिलेली फाइल कधीच खऱ्या नावानं दिसत नाही. पुन्हा चालवण्याला तीनची मर्यादा घाला. एखादा व्यवहार असा असतो की तो ज्या यंत्रावर जाईल तिथली मेमरी खाऊन टाकतो. मर्यादा नसेल तर तो एकेक यंत्र पाडत फिरतो.

याहून घातक प्रकार म्हणजे ‘ब्लॅक होल’ नोड (नोड म्हणजे ग्रिडमधलं एक यंत्र), आणि तो नीट समजून घ्या. एका यंत्राची डिस्क भरली आहे. त्यावर आलेला प्रत्येक तुकडा २ सेकंदांत अपयशी होऊन संपतो. संपला म्हणून यंत्र लगेच रिकामं दिसतं आणि शेड्यूलर, रिकामं यंत्र दिसलं की काम देण्याच्या आपल्या स्वभावाप्रमाणे, पुढचा तुकडा तिकडेच पाठवतो. बाकीची यंत्रं दहा मिनिटांत एक तुकडा करतात, हे यंत्र ६४ कोअरवर दहा मिनिटांत १९,२०० तुकडे गिळू शकतं. आपली पूर्ण रांग १०,००० ची आहे. म्हणजे एक भरलेली डिस्क सव्वापाच मिनिटांत रात्रीचं सगळं काम ‘अपयशी’ करून ठेवते, आणि तेवढ्या वेळात डॅशबोर्डवर ग्रिड भलतंच वेगानं धावताना दिसतं. उपाय दोन. प्रत्येक तुकड्याआधी यंत्राची छोटी तपासणी : डिस्कवर जागा आहे का, सामायिक फोल्डर दिसतं का, परवान्याचा सर्व्हर उत्तर देतो का. आणि एका यंत्रावर लागोपाठ तीन तुकडे अपयशी झाले की त्या यंत्राला आपोआप रांगेतून बाहेर काढणं. स्लर्ममध्ये ठरावीक वेळानं यंत्र तपासण्याची सोय आहे, एचटीकॉन्डॉरमध्येही नियम लिहून हे साधतं.

पायरी ६ : एक वाजता कळलं पाहिजे

वचन मोडल्यावर वाजणारा अलार्म निरुपयोगी. हवा असतो अंदाज. रात्रीचा एक वाजला आहे, दोन तासांत १०,००० पैकी २,९०० गठ्ठे झाले. वेग तासाला १,४५०, उरले ७,१००, म्हणजे अजून जवळजवळ पाच तास. काम संपेल सहाला पाच-सहा मिनिटं कमी असताना आणि गोळाबेरीज त्यानंतर. सीपीयूचा आलेख अगदी निरोगी दिसत असेल, तरी हा आकडा सांगतो की आज उशीर होणार. ४५० कोअरच्या ग्रिडचा अपेक्षित वेग तासाला २,००० च्या आसपास आहे, मग कुठेतरी तीस टक्के गळती आहे. ऑन-कॉल माणसाला आत्ता उठवलं तर तिसरी रांग थांबवायला, आजारी यंत्रं काढायला, भाड्याची क्लाउड यंत्रं जोडायला वेळ आहे. प्रोमिथियस (आकडे गोळा करणारं) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं) ही सॉफ्टवेअर वापरून हा एक आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर लावा. बाकीचे आलेख त्याच्या खाली.

क्लाउडचा मार्ग ठेवणार असाल तर तो दिवसा चालवून पाहिलेला असावा. यंत्राची प्रतिमा (सगळं सॉफ्टवेअर बसवलेली नक्कल) तयार, डेटा नेण्याची परवानगी घेतलेली, खर्चाची मर्यादा मंजूर. रात्री दीड वाजता मंजुरी कोण देणार, हे नावानिशी ठरलेलं हवं.

पायरी ७ : डेटा कुठे जातो ते कायद्याला विचारा

ग्रिड डेटा पसरवतं आणि कायद्याला नेमकं तेच खटकतं. ग्राहक बँक असेल तर आयटी सेवा बाहेर देण्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश लागू होतात. बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला तुमच्या व्यवस्थेची तपासणी करण्याचा हक्क करारात द्यावा लागतो. व्यक्तींची माहिती असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहे. जमत असेल तर नाव, पॅन, फोन प्रवेशद्वारापाशीच काढून टाका आणि ग्रिडवर फक्त क्रमांक व रकमा पाठवा. गणिताला नाव लागत नाही. कुठला तुकडा कुठल्या यंत्रावर, कधी चालला याची नोंद मात्र जपून ठेवा, तपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

पायरी ८ : सही करण्याआधी महिनाभर कोरडं चालवा

ग्राहकाची जुनी व्यवस्था चालू असतानाच तोच डेटा आपल्या ग्रिडवरही चालवा, निकाल आकड्याला आकडा जुळवा. त्या महिन्यात एक महिनाअखेर आलीच पाहिजे. याच काळात मुद्दाम मोडतोड करा : चालू यंत्राची वीज काढा, एकाची डिस्क भरून ठेवा, डेटा दोन तास उशिरा द्या, मुदत संपलेलं डिजिटल सुरक्षा-प्रमाणपत्र लावून पाहा. प्रत्येक वेळी अंदाजाचा आकडा किती मिनिटांत हलला आणि माणसाला फोन कधी गेला हे लिहा. महिन्याच्या शेवटी हाती आलेल्या वेळांवरूनच करारातले आकडे भरा : २० पैकी १९ रात्री ज्या वेळेआधी काम झालं, त्यात तासाभराची भर घालून जी वेळ येते ती.

पेनल्टी ठरवताना ती महिन्याच्या शुल्काच्या टक्क्यांत ठेवा आणि तिला कमाल मर्यादा घाला. उशिराच्या पायऱ्या करा, अर्ध्या तासाला आणि चार तासांना एकच दंड नको. दर तिमाहीला ग्राहकासोबत बसून तीन आकडे पुढे ठेवा : व्यवहारांची वाढ, सरासरी नव्हे तर सगळ्यात वाईट रात्रीची वेळ, आणि एक यंत्र मेलं असतं तर त्या रात्री वेळ पाळली गेली असती का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येऊ लागलं की नवीन यंत्रांची मागणी त्याच बैठकीत मांडा.